मामा, तुमची कबर पावणेदोन मीटर सरकली आहे

पालो सोलो,
मोजणीवाल्यापासून दोन चौक वर, पूर्वी जिथे बर्फाचा कारखाना होता त्याच्यासमोर.
मृतात्म्यांच्या सणानंतरचा मंगळवार.

परमपूज्य हेर्मोखेनेसमामा यांस,

भाची असुसेना हिचा लेओनच्या दिशेने तोंड करून, वाकून नमस्कार. आधी आशीर्वाद द्या आणि मग पुढे वाचा, कारण पुढचं वाचून झाल्यावर आशीर्वाद देण्याची तुमची मनःस्थिती राहील याची मला खात्री नाही. तुमचा गुडघा, तुमचा रक्तदाब आणि कोंबड्यांवरून शेजाऱ्याशी चाललेलं तुमचं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. मी बरी आहे. हे पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर काय आणि रविवारी जेवताना काय, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही आणि मामींना सगळं ऐकू येतं. तेव्हा मामी चर्चला गेल्या की मगच पुढचं वाचा. (मामी, तुम्हीच वाचत असाल तर पुढे नुसतं मोजणीचं रटाळ वर्णन आहे. चष्मा काढून ठेवा, डोळ्यांना ताण नको.)

दोन वर्षांपूर्वी माझी इथल्या नगरपालिकेच्या मोजणी खात्यात बदली झाली, तेव्हा तुम्ही जेवता जेवता म्हणाला होतात, "पालो सोलो? तिथला पहिला बिंदू मी बसवलाय. एकवेळ जग हलेल, पण हेर्मोखेनेसचा बिंदू हलणार नाही." हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलं गेलंय, की आई कांदा परततानासुद्धा ते पुटपुटते. (मामी अजून वाचत असतील तर त्यांच्यासाठी: बिंदू म्हणजे जमिनीत उभा गाडलेला सिमेंटचा खांब, त्याच्या डोक्यावर पितळेची चकती, चकतीवर कोरलेला क्रॉस. त्या क्रॉसपासून गावातल्या प्रत्येक घराची हद्द मोजतात. तो हलला की कागदावर गाव हलतं. पाहा, सांगितलं होतं ना रटाळ आहे म्हणून.) तर रुजू झाल्यावर पहिलं काम म्हणून मी तुमचा बिंदू शोधायला निघाले. जुन्या नोंदीत लिहिलं होतं, 'स्मशानाच्या भिंतीबाहेर, रस्त्यालगत.' भिंतीबाहेर मला एक ओढा मिळाला, आणि ओढ्यात गावचे न्हावी मेलेसियो यांची डुकरीण मिळाली. बिंदू काही मिळाला नाही.

तो मिळाला त्याच वर्षीच्या मृतात्म्यांच्या सणाला. त्या दिवशी इथे अख्खं गाव स्मशानात असतं, हे तुम्हाला माहीत आहेच. कबरी धुतात, रंगवतात, झेंडू वाहतात, आणि ज्यांचं कुणी मेलेलं नाही ते बिचारे खाण्याच्या गाड्यांपाशी घुटमळत असतात. मी त्या दुसऱ्या वर्गातली. हातात कणीस घेऊन फिरता फिरता होकोतेच्या झाडाखाली एक कबर दिसली. सगळ्या स्मशानात तिच्याइतकी देखणी कबर नाही. निळ्या फरश्या, चार कोपऱ्यांना चार कुंड्या, झेंडूचा ढीग, आणि मधोमध पितळेची एक चकती, अशी लखलखीत की तीत बघून भांग पाडावा. चकतीवर क्रॉस. क्रॉसखाली तुमची आद्याक्षरं. त्याखाली एकाहत्तर साल. आदल्याच रविवारी मी तुमच्याकडे नाकातामाल खाऊन आले होते आणि मिठावरून तुम्ही मामींशी भांडला होतात. कबरीतल्या माणसाला एवढा जोर नसतो, म्हणून मी शेजारी उभ्या असलेल्या मेलेसियोंना विचारलं, हे कोण. त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "हा आमचा मोजणीवाला. गावाची हद्द आखता आखता गेला, बिचारा. असा माणूस पुन्हा होणे नाही."

मामा, तुम्ही कसे गेलात यावर गावात एकमत नाही. कुणी म्हणतं मोजणीच्या तिपायी तिकाटण्यासकट कड्यावरून पडलात, कुणी म्हणतं साप चावला, आणि पोस्टातली बाई म्हणते हिवतापाने गेलात आणि शेवटच्या ग्लानीतही आकडे सांगत होतात. स्वभावाबद्दल मात्र एकमत आहे. तुम्ही दारूला कधी शिवला नाहीत, एकही प्रार्थना चुकवली नाहीत आणि दिलेला शब्द मोडला नाहीत. (हे ऐकताना मला ठसका लागला. मी तो कणसावर ढकलला.) मेल्यावर माणूस सुधारतो हे ऐकून होते, पण इतका? ज्यांचा बांधावरून तंटा आहे ते तुमच्या चकतीवर हात ठेवून शपथ घेतात. भूमितीत कच्ची असलेली मुलं परीक्षेआधी तुमच्यापुढे कंपास ठेवून जातात. मागच्या भिंतीवर पत्र्याच्या पाट्या ठोकल्यात, 'मिळालेल्या कृपेबद्दल आभार', आणि आजवर तुमच्या नावावर तीन कुंपणं, एक विहीर आणि एक लग्न जमा आहे. घरांचे पत्तेसुद्धा तुमच्यापासूनच सांगतात, माझा वर दिलाच आहे. फादर पहिल्यांदा कुरकुरले, पण त्यांच्याच परसाची हद्द तुमच्या कृपेने रुंद निघाली तेव्हापासून ते वर्षातून एकदा येऊन पवित्र पाणी शिंपडतात. एवढ्या मोठ्या माणसाची मी सख्खी भाची, आणि हे मला कुणाला सांगता येत नाही.

आता ओढ्याकाठचा बिंदू झाडाखाली कसा गेला ते सांगते. तुम्ही तो बसवलात तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. (जागा तुम्हीच निवडली होती, मी काही बोलत नाही.) मोठं वादळ झालं त्या वर्षी ओढा फुगून बिंदू पाण्याखाली गेला, तेव्हा कबरीची देखभाल करणाऱ्या बाईंनी गवंड्याला बोलावलं आणि सांगितलं, ह्यांना उचलून कोरड्यात घ्या. गवंड्याने आदराने खणलं. हाडं निघाली नाहीत, नुसता सिमेंटचा उभा खांब निघाला. गाव जरा विचारात पडलं. मग कुणीतरी म्हणालं, मोजणीवाला जन्मभर उभ्यानेच काम करतो, त्याला उभाच पुरत असतील. सगळ्यांना ते पटलं. खांब झाडाच्या सावलीत नेऊन पुरला, भोवती चौथरा बांधला, आणि तुम्ही भिंतीबाहेर एकटे पडू नयेत म्हणून स्मशानाची भिंत पोटासारखी फुगवून तुम्हाला आत घेतलं. शिवाय दर शनिवारी चकती राख आणि लिंबाने घासतात, म्हणून क्रॉसच्या रेघा आता जवळजवळ पुसल्या गेल्यात. आमच्या वार्षिक पाहणीत दोन रकाने असतात. देखभालीच्या रकान्यात मी 'अत्युत्तम, देशात दुसरी नसेल' असं लिहिते. अचूकतेचा रकाना दोन वर्षं कोरा ठेवलाय.

वादळानंतर गावातली निम्मी घरं नव्याने बांधली आणि ती सगळी तुमच्या नव्या जागेपासून मोजली. उरलेली निम्मी जुन्या जागेपासून मोजलेली. नव्यांचं आपापसात जमतं, जुन्यांचंही जमतं, कारण सगळे मिळून चुकले की कुणीच चुकत नाही. पंचाईत होते ती जुनं घर नव्याला लागून असेल तिथे. मेलेसियोंचं घर जुनं, शेजारचं फादरांचं नवं. दोघांच्या नकाशात मधली एक पट्टी दोनदा येते आणि त्या पट्टीत लिंबाचं झाड आहे. लिंबावरून तंटा होऊन दोघे तुमच्या कबरीपाशी गेले, दोघांनी चकतीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि मामा, दोघेही खरं बोलले. तेव्हापासून फादर स्वतःच्या हाताने दाढी करतात आणि गालाला पट्ट्या लावून प्रवचन देतात.

इतके दिवस हे सगळं घरातल्या घरात होतं. पण परवा, सणाच्या दुसऱ्याच दिवशी, राजधानीच्या नकाशे कार्यालयातून बायार्दो नावाचा एक इंजिनिअर आला. पोरगा वाईट नाही, फक्त त्याला घाई होती. त्याने थेट कबरीवर तिकाटणं उभं केलं, वर उपग्रहाशी बोलणारी तबकडी लावली आणि एक पाय फुलांत ठेवून वाट बघत राहिला. फुलं गोळा करायला आलेल्या बायकांनी ते पाहिलं. पहिली ओरडली, "पाय काढ, मेल्या, माणूस झोपलाय तिथे." दुसरीने तिला सुधारलं, "झोपलाय कुठे, उभा आहे." बायार्दोने माझ्याकडे पाहिलं. मी होकोतेच्या झाडाकडे पाहिलं. त्याने सौम्यपणे सांगितलं, की बायांनो, ही कबर नाही, हा राष्ट्राचा बिंदू आहे. त्यावर कबरीची देखभाल करणाऱ्या बाई, कंबरेवर हात, त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असं? मग इतक्या वर्षांत राष्ट्राने एक फूल तरी आणलं का रे?" पोरग्याने फुलांतला पाय उचलून घेतला. तबकडीला मात्र लाज नव्हती. तिने सांगितलं, की बिंदू मूळ जागेवरून एक मीटर शहात्तर सेंटिमीटर सरकला आहे. मी तुमच्या ओळखपत्राची प्रत काढून पाहिली. तुमची उंची तेवढीच. म्हणजे तुम्ही त्या ओढ्यात आडवे झाला असतात तर डोकं बरोबर आत्ताच्या कबरीपाशी आलं असतं. यात काही अर्थ नाही, पण मला ते कुणालातरी सांगायचं होतं.

तर मामा, आता त्या बाईंबद्दल. (मामी नक्की चर्चमध्ये आहेत ना?) त्यांचं नाव फिदेलिना, गाव आदराने दोन्या फिदेलिना म्हणतं. गावात सगळ्यात चांगल्या रोस्कीया त्या भाजतात, मक्याच्या आणि चीझच्या त्या खारट कड्या. मी दर नाताळला तुमच्यासाठी आणते त्या त्यांच्याच भट्टीतल्या. तुम्ही डोळे मिटून खाता आणि म्हणता, असं नेमकं मीठ लेओनमध्ये एकाला जमत नाही. गाव सांगतं ते असं, की बिंदू बसवायला आलेल्या तरुण मोजणीवाल्याचं आणि फिदेलिनाचं लग्न ठरल्यातच जमा होतं. ईस्टरनंतर येतो म्हणून तो लाकडं वाहणाऱ्या ट्रकमध्ये बसून गेला आणि पुन्हा आला नाही. दिलेला शब्द मोडणारा तो नव्हता, तेव्हा उघडच आहे, वाटेत कुठेतरी मेला. मग त्याच्याच अक्षरांच्या दगडावर, त्याच्याच क्रॉसपाशी तिने पहिलं फूल ठेवलं. तिने लग्न केलं नाही. तुमच्या शेजारची जागा तिने स्वतःसाठी राखून ठेवली आहे, तिथे सध्या तुळस लावलीय.

मी दोन वर्षं तिच्या भट्टीपाशी बसून नाश्ता करते आणि तोंड उघडत नाही. मला तुमचा राग येतो, मामा, तो आज लिहून टाकते. घरात तुम्ही हजारदा सांगितलंत की बिंदू बसवलाय. बिंदू बसवताना रोस्कीया कोण खायला घालत होतं, ते एकदाही सांगितलं नाहीत. आणि आता राजधानीहून हुकूम आलाय, की महिनाअखेरीपर्यंत मी, असुसेना रुगामा, चौथरा फोडून खांब उपटावा आणि मूळ जागी, म्हणजे ओढ्यात, डुकरिणीच्या अंथरुणात, पुन्हा गाडावा. सगळ्या गावासमोर तो खड्डा पुन्हा रिकामा निघेल, आणि या वेळी 'उभाच पुरला असेल' म्हणून भागणार नाही. म्हातारीने जन्मभर सिमेंटच्या खांबाला फुलं वाहिली हे तिला माझ्या पहारीने कळेल. पहार मी दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवून दिली.

बाकी सर्व कुशल. आईची तब्येत ठीक आहे, ती तुम्हाला भजून काढण्यासाठी नाताळची वाट बघते आहे (मी तिला थोडंसं सांगितलंय). कोंबड्यांना जपा.

तुमची आज्ञाधारक, निदान अजून तरी,
असुसेना

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहूनच गेलं. आमच्या नियमांत एक पळवाट आहे. ज्याने बिंदू बसवला तो मोजणीवाला हयात असेल आणि त्याने सही करून कळवलं, की माझा बिंदू नष्ट झाला आहे, तर कार्यालय तो रद्द करतं आणि नवा बिंदू दुसरीकडे बसवतं. मी जागा पाहून ठेवलीय, पाण्याच्या टाकीजवळ, तिथे कुणीच फूल ठेवणार नाही. जुना दगड मग कुणाचाच नसतो, त्याला हात लावायचं कारण उरत नाही. म्हणजे तुम्ही जिवंतपणी सही करून बिंदू मेल्याचं कळवायचं, की त्यामुळे तुम्हाला इथे सुखाने मेलेलं राहता येईल. सोबत कागद जोडला आहे. सही करून तो थेट राजधानीला पाठवा. चुकूनही इथे पाठवू नका, कारण इथली पोस्टातली बाई तुमचं अक्षर पाहून भोवळ येऊन पडेल. आणि कृपा करून, मामा, स्वतः येऊ नका. 'माझा बिंदू हलणार नाही' हे एवढ्यापुरतं गिळा.

ता. क. दुसरा. वरचं सगळं रद्द समजा. पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात दोन्या फिदेलिना कार्यालयात आल्या. हातात रोस्कीयांचं पुडकं. टेबलावरच्या पाकिटाकडे पाहून म्हणाल्या, "पत्रच लिही. कानाने तो तेव्हाही कमीच ऐकायचा." मामा, माझ्या हातून डिंकाची बाटली पडली. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, त्याची हनुवटी घेऊन तू माझ्या दारात नाश्ता मागायला आलीस. वर दर रविवारी 'मामाकडे जाऊन येते' म्हणत गावभर सांगून बस पकडतेस. मी म्हातारी आहे पोरी, आंधळी नाही." मी विचारलं, मग कबर? त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी तो ट्रकमध्ये पुढे बसला आणि मागे वळून बघेना, त्याच दिवशी मला कळलं. लोक विचारायला लागले. टाकून गेला म्हटलं असतं तर जन्मभर कीव केली असती. मेला म्हटल्यावर मान दिला. मी फक्त एक फूल ठेवलं, बाकी सगळं गावाने केलं." लग्न का केलं नाही असंही मी विचारलं. (विचारायला नको होतं.) हसून म्हणाल्या, "दोघं मागायला आले होते. कुणीही माझ्या मेलेल्याइतका गुणी निघेना."

ता. क. तिसरा. तुमच्यासाठी जोडलेला कागद मी त्यांना दाखवला, तर त्यावर सही नको, असं त्यांचं म्हणणं. नष्ट झाला असं खोटं कशाला लिहायचं, चांगला धडधाकट आहे, रविवारी जेवतो, असं त्या म्हणाल्या. दगड हलवायचाच असेल तर ज्याने बसवला त्याने यावं, दिवसाढवळ्या, गावासमोर, आणि स्वतःच्या हाताने हलवावा. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? त्या म्हणाल्या, "ईस्टरनंतर मेलेला माणूस चालत आला तर या गावात कुणाला नवल वाटणार नाही. फादर तर घंटा वाजवतील." रोस्कीयांचं पुडकं तुमच्यासाठीच होतं. मीठ जास्त घातलंय, तुमच्या सवयीप्रमाणे.

ता. क. चौथा, मामींसाठी, कारण तुम्ही इथपर्यंत आला आहात हे मला ठाऊक आहे. दोन्या फिदेलिनांनी तुम्हालाही बोलावलंय. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "तिलाही घेऊन ये म्हणावं. तिने त्याला जिवंत सांभाळला, मी मेलेला. सोपं काम माझ्याकडे होतं."

ता. क. शेवटचा. मामा, मी आता मध्ये पडत नाही. पहार कपाटात ठेवून दिली आहे आणि बायार्दोला कळवलंय, की बिंदूचे मूळ मोजणीवाले हयात असून त्यांचं उत्तर यायचं आहे. तुम्ही या किंवा येऊ नका. मात्र निघताना दारात थांबून दोन्या फिदेलिनांनी एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर टपालाने चालेल असं सांगितलंय. तक्रार नाही म्हणाल्या, फक्त तारीख पक्की करायची आहे. तुम्ही ईस्टरनंतर येतो म्हणाला होतात, ते कुठल्या वर्षीच्या?